घोडा कां अडला ?

घोडा कां अडला, पान कां सडलें आणि भाकरी कां करपली, हें तिहेरी कोडें मराठी घरांतून पिढ्यान् पिढ्या विचारलें गेलें आहे. त्याचें उत्तर लहान मुलांनाहि ठाऊक असतें : फिरविलें नाहीं म्हणून. तव्यावरची भाकरी उलटली नाहीं, टोपलींतलें विड्याचें पान खालींवर केलें नाहीं आणि घोडा बाहेर नेऊन फिरविला नाहीं. भाकरीचें आणि पानाचें उत्तर गृहिणींना अनुभवानेंच पटलेलें असतें. घोड्याचें उत्तर मात्र केवळ यमकासाठीं जोडलें असावें, असें शहरांत वाढलेल्यांना वाटतें. वस्तुतः तिन्हींपैकीं अत्यंत गंभीर उत्तर तेंच आहे. एकाच रिंगणांत, त्याच त्या अडथळ्यावरून रोज सहज उडी घेणारा घोडा परक्या जागीं नेला, कीं गुडघाभर उंचीच्या फळीपुढेंहि चारी पाय रोंवून उभा राहतो. आणि घोडा अडला, कीं कधीं स्वाराची शर्यत, कधीं त्याची कीर्ति, तर कधीं त्याचा जीवच तेथें अडतो.

मुंबईकरांच्या नित्य परिचयाचे घोडे बहुधा धातूचे असतात. अपोलो बंदरावर १९६१ सालापासून आणि दादरच्या शिवाजी पार्कवर १९६६ सालापासून छत्रपतींचे अश्वारूढ पुतळे उभे आहेत. आल्बर्ट ससून यांनीं शहराला दिलेला युवराज एडवर्ड यांचा पुतळा १८७९ सालीं बसविण्यांत आला, आणि १९६५ सालीं तो भायखळ्याच्या बागेंत हलविला गेला. परंतु मूळच्या जागेचें 'काळा घोडा' हें नांव कांहीं पुसलें गेलें नाहीं. स्वाराचा विसर पडला आणि घोडा लोकांच्या जिभेवर राहिला. ओतीव घोड्याला कुलाबा काय आणि भायखळा काय, दोन्ही सारखींच. हाडामांसाच्या घोड्याची गोष्ट निराळी आहे. त्याच्या लेखीं जागा बदलणें म्हणजे जग बदलणें होय.

याचें कारण घोड्याच्या घडणींतच आहे. घोडा हा गवत खाणारा, कळपानें राहणारा आणि पळून जीव वांचविणारा प्राणी आहे. वाघापुढें शिंगें रोंखून उभें राहणें त्याच्या नशिबीं नाहीं; जें ओळखीचें नाहीं त्यापासून आधीं दूर पळावयाचें आणि मग वळून पाहावयाचें, या एका नियमावर त्याच्या पूर्वजांचा वंश टिकला. त्याचे डोळे मस्तकाच्या दोन बाजूंस असतात. त्यामुळें मान न वळवितां सुमारें ३५० अंशांचा परिसर त्याच्या दृष्टीच्या टप्प्यांत येतो. परंतु कपाळासमोरची थोडी जागा आणि शेपटीमागची थोडी जागा त्याला दिसत नाहीं. उडी घेणाऱ्या घोड्याच्या बाबतींत या गोष्टीला फार महत्त्व आहे. पाय उचलण्याच्या ऐन क्षणीं नाकापुढचा अडथळा त्याच्या नजरेंतून निसटतो. चार पावलांमागें घेतलेला अंदाज आणि पाठीवरच्या माणसाविषयींचा भरंवसा, एवढ्या भांडवलावर त्याला हवेंत झेप घ्यावी लागते. रंगांचेंहि तसेंच. माणसाला भडक दिसणारा नारिंगी रंग घोड्याला गवताच्या हिरव्यापासून वेगळा ओळखतां येत नाहीं. ब्रिटनमधील अडथळ्यांच्या शर्यतींत या संशोधनाचा आधार घेऊन २०२२ सालीं अडथळ्यांवरील नारिंगी पट्ट्यांच्या जागीं पांढऱ्या पट्ट्या योजण्यांत आल्या.

शिवाय घोड्याची स्मरणशक्ति तीक्ष्ण असली, तरी ती माणसासारखी नाहीं. माणूस वस्तु लक्षांत ठेवतो. घोडा वस्तु आणि तिची जागा अशी जोडी लक्षांत ठेवतो. पागेच्या उजव्या कोपऱ्यांतील पिंप डाव्या कोपऱ्यांत ठेवलें, तर काल त्याच्या शेजारून शांतपणें गेलेला घोडा आज त्याच पिंपाला बुजतो. यावरून चाबुकस्वारांनीं एक सिद्धान्त फार पूर्वीं काढला : घोड्याचा धीटपणा आपोआप एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जात नाहीं. घरच्या मैदानावर मिळविलेलें धैर्य नव्या मैदानावर पुन्हां मिळवावें लागतें. दोन्ही जागांना समान असा एकच पदार्थ असतो, आणि तो म्हणजे घोड्याच्या पाठीवर बसलेला माणूस.

हा विचार नवा नाहीं. इ. स. पूर्वीं चौथ्या शतकांत झेनोफॉन नांवाच्या ग्रीक सेनानीनें अश्वविद्येवर एक छोटा ग्रंथ लिहिला, आणि तो आजहि घोडेस्वार वाचतात. अननुभवी घोड्याला खंदकावरून उडी मारण्यास कसें शिकवावें, हें त्यांत सांगितलें आहे. स्वारानें खालीं उतरावें, सैल दोर हातांत घ्यावा, प्रथम स्वतः तो खंदक ओलांडावा आणि मग घोड्याला आपल्यामागें येण्यास लावावें. तो यावयास तयार नसेल, तर मागून दुसऱ्यानें त्याला हांकावें. आणि दोराची गरज संपल्यावर मगच पाठीवर बसून उडी घ्यावी. एखाद्या वस्तूला घोडा भ्याला, तर काय करावें, हेंहि त्यानें सांगितलें आहे. स्वारानें त्या वस्तूला स्वतः हात लावून दाखवावा आणि घोड्याला हळूहळू तिच्याजवळ न्यावें. भ्यालेल्या घोड्याला मारणें म्हणजे त्याची भीति वाढविणें होय. कारण मार बसला कीं ती दुःखहि त्या वस्तूनेंच दिली, अशी घोड्याची समजूत होते. चोवीसशें वर्षांत या सल्ल्यांत दुरुस्ती करण्याचें कारण कोणाला पडलेलें नाहीं.

भारतांतहि उडीचा विचार बारकाईनें झाला होता. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं मूळ संस्कृत प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाच्या कर्तव्यांचें स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत युद्धाच्या घोड्याच्या गति सांगतांना 'लंघन', म्हणजे उडी, ही एक निराळीच गति मानली आहे आणि तिचे सात प्रकार दिले आहेत. वानरासारखी उडी वेगळी, बेडकासारखी वेगळी, बगळ्यासारखी वेगळी. ज्या राज्याच्या अधिकाऱ्याला उडीचे सात प्रकार ठाऊक असणें आवश्यक होतें, त्या राज्याचे घोडे केवळ मिरवणुकींत चालत नसत, हें उघड आहे.

महाराष्ट्रांत तर देशाच्या रचनेनेंच घोड्याला उडी शिकविली. भीमा व नीरा या नद्यांच्या खोऱ्यांतील भीमथडी घोडें उंचीला कमी, परंतु काटक आणि पायांचें पक्कें. ओढे, घळी, घाटवाटा आणि खडकाळ माळ हेंच त्याचें रिंगण होतें. शिवछत्रपतींच्या घोडदळांत दोन प्रकारचे स्वार असत. स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार, आणि सरकारी पागेंतला घोडा मिळणारा तो बारगीर. सभासदाच्या बखरींत पागेची व्यवस्था दिली आहे. पंचवीस बारगीरांवर एक हवालदार, आणि तेवढ्या घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद. पावसाळ्यांत छावणींत चारा-दाण्याची सोय, आणि दसऱ्यानंतर आठ महिने परमुलखांत स्वारी. कोड्यांतलें 'फिरविणें' येथें राज्याच्या धोरणांत उतरलें होतें. वर्षाचे आठ महिने ज्या घोड्याला रोज नवें पाणी, नवी वाट आणि नवा मुक्काम पाहावा लागतो, त्याला अनोळखी जागा हीच सवयीची होऊन बसते.

याच्या उलट चित्र मराठी लोकस्मृतीनें संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांच्या कथेंत जपून ठेवलें आहे. छत्रपति राजाराममहाराजांच्या काळीं मोंगली छावणींतील घोडे पाण्यावर नेले असतां पिईनासे झाले, आणि त्यांना पाण्यांत संताजी-धनाजी दिसतात काय, असें स्वार विचारूं लागले, ही ती कथा. मराठ्यांच्या दराऱ्याचें वर्णन म्हणून ती सांगितली जाते आणि तें योग्यच आहे. परंतु पाण्यापाशीं अडणारा घोडा ही कवींची कल्पना नव्हे. पाणी घोड्याला मुळांतच संशयास्पद वाटतें. त्याची खोली कळत नाहीं, तें हलतें, चकाकतें आणि त्यांत छाया दिसतात. परक्या मुलखांतील परक्या ओढ्यावर, घाबरलेल्या स्वाराच्या मांडीखालीं, घोडा पाण्याला बुजला, तर त्यांत नवल नाहीं. स्वाराची भीति लगामांतून घोड्याच्या तोंडापर्यंत पोहोंचावयास क्षणहि लागत नाहीं. त्या कथेंतला घोडा खरोखर आपल्या मालकाच्याच मनांतलें पाहत होता.

ओढ्यापाशीं अडलेला इतिहासांतील सर्वांत प्रसिद्ध घोडा मात्र मराठी स्वाराचाच होता. मोरोपंत तांबे यांची कन्या मनकर्णिका, पुढें झांशीची राणी लक्ष्मीबाई, ब्रह्मावर्तास नानासाहेब पेशव्यांच्या सहवासांत घोड्यावर बसावयास शिकली. तिच्या अश्वपरीक्षेची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. एका सौदागरानें दिसावयास सारखेच उमदे असे दोन घोडे आणले. राणीनें दोघांवर बसून एकेक फेरी मारली आणि एकाची किंमत हजार रुपये, तर दुसऱ्याची अवघी पन्नास रुपये सांगितली. दुसऱ्याची छाती आंतून दुखावलेली होती, आणि हें सौदागरालाहि कबूल करावें लागलें. दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनीं १८९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या चरित्रामुळें आणि १९०७ सालीं छापल्या गेलेल्या विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकामुळें राणीचें हें घोडेस्वाराचें रूप मराठी घरांत कायमचें वसलें.

लोकांनीं या राणीच्या दोन उड्या लक्षांत ठेवल्या आहेत. त्यांतली एक घेतलेली आणि दुसरी न घेतलेली. सर ह्यू रोजच्या सैन्यानें झांशीस वेढा दिला असतां १८५८ सालच्या एप्रिलच्या आरंभीं, रात्रीच्या अंधारांत, राणी शहराबाहेर पडली आणि काल्पीच्या वाटेला लागली. दत्तक पुत्राला पाठीशीं बांधून तिनें किल्ल्याच्या तटावरून घोड्यासह उडी घेतली, अशी लोककथा आहे. ती जागाहि झांशीस दाखविली जाते. एवढ्या उंचीवरून कोणताहि घोडा धडपणें उतरणार नाहीं, हें खरें. तरी कथेमागची भावना समजण्यासारखी आहे. घरचा किल्ला, सवयीचा घोडा आणि त्याची नस अन् नस ओळखणारी राणी, या तिघांचा मेळ बसला कीं कांहींहि अशक्य नाहीं, असेंच लोकांना म्हणावयाचें होतें.

दुसऱ्या उडीची जागा ग्वाल्हेरजवळ आहे. जूनच्या प्रारंभीं ग्वाल्हेर क्रांतिकारकांच्या हातीं आलें, आणि १७ जून १८५८ रोजीं कोटा-की-सराई येथें इंग्रजी घोडदळाशीं लढाई झाली. राणीच्या अखेरच्या क्षणांबद्दल निरनिराळे वृत्तान्त आहेत. ती घोडेस्वारांच्या हल्ल्यांत गोळीनें जखमी झाली, असें एक सांगतो. तलवारीच्या वारानें पडली, असें दुसरा सांगतो. मराठी परंपरेंत रुजलेला वृत्तान्त असा कीं, त्या दिवशीं तिचा नेहमींचा घोडा तिच्याजवळ नव्हता. तिच्या मांडीखालीं नवा घोडा होता. पाठलाग करणारे मागें, आणि वाटेंत एक लहानसा ओढा. त्या ओढ्याच्या कांठावर घोडा थबकला, गरगर फिरला, परंतु पुढें गेला नाहीं. पाठलाग करणाऱ्यांनीं तिला तेथेंच गांठलें.

या घोड्याला मराठी वाचकांनीं मनोमन पुष्कळ दोष दिला आहे. जुना घोडा असता तर, हा उसासा कित्येक घरांतून ऐकूं आला असेल. परंतु त्या उशाशांत दडलेलें सत्य नीट उलगडलें, तर तो घोडा निर्दोष ठरतो. त्यानें ती जागा पूर्वीं पाहिली नव्हती. पाठीवरचा हात त्याच्या ओळखीचा नव्हता. सभोंवार तोफांचा आवाज, धूर आणि जखमी जनावरें. अशा वेळीं कांठापुढें काय आहे हें न दिसतां, केवळ भरंवशावर त्यानें पाय उचलावा, अशी अपेक्षा होती. आणि तो भरंवसा निर्माण होण्यास लागणारे दिवस त्याला मिळालेच नव्हते. राणीची अश्वविद्या कमी पडली नाहीं, घोड्याचें काळीजहि कमी पडलें नाहीं. कमी पडला तो वेळ. तो घोडा त्या स्वाराच्या हातून फिरविला गेला नव्हता. भाकरी उलटावयास एक क्षण पुरतो; घोड्याला मात्र महिने द्यावे लागतात, आणि रणांगणावर ते उसने मिळत नाहींत.

त्यानंतरच्या अर्धशतकांत घोड्याला अत्यंत अनोळखी वाटेल असें शहर म्हणजे मुंबई. इराणी आखातांतून गलबतांनीं येणारे अरबी घोडे समुद्रावरचे हेलकावे सोसून येथल्या बंदरांत उतरत. ज्यानें जन्मभर वाळवंट पाहिलें, त्याच्या कानांवर एकाएकीं आगगाडीची शिटी, गिरण्यांचे भोंगे आणि बाजारांतला कोलाहल आदळे. ९ मे १८७४ रोजीं कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी अशी घोड्यांची ट्राम सुरू झाली. ती चालविणाऱ्या स्टर्न्स आणि किट्रेज कंपनीच्या पागेंत ९०० घोडे असल्याचें सांगितलें जाई. १९०५ सालापर्यंत या घोड्यांनीं मुंबई ओढली. ७ मे १९०७ पासून विजेच्या ट्रामनें त्यांची जागा घेतली. नवख्या घोड्याला गाडीला जुंपण्याची जी रीत सर्व देशांत चालत आली आहे, तिचा पाया सोबत हाच आहे. मुरलेल्या घोड्याच्या शेजारीं नवा घोडा जुंपावयाचा, आणि शांत रस्त्यावरून हळूहळू गजबजलेल्या रस्त्यावर यावयाचें. शेजारचा भीत नाहीं हें पाहून नवा भिणें सोडतो. कळपाचा स्वभाव माणसानें येथें आपल्या कामीं लावला.

शहरानें घोड्यांकडून काम घेतलें, तशी त्यांची चिंताहि थोडीबहुत वाहिली. ज्या १८७४ सालीं घोड्यांची ट्राम सुरू झाली, त्याच सालीं प्राण्यांवरील क्रूरपणाला आळा घालणारी संस्था मुंबईंत स्थापन झाली. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय उभें राहिलें, आणि त्याच्याच आवारांत १८८६ सालीं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू होऊन जे. एच्. स्टील त्याचे पहिले प्राचार्य झाले. १८८३ सालीं शर्यती भायखळ्याहून महालक्ष्मीस गेल्या. गिरगांवच्या आणि दादरच्या रस्त्यांवरून वरातीचा घोडा निघाला, कीं त्याच्या कानाशीं बँड वाजतो, पायांशीं फटाके उडतात, डोळ्यांसमोर दिव्यांच्या रांगा हलतात. रोज गल्ली निराळी आणि पाठीवरचा नवरदेवहि निराळा. तरी तो शांतपणें चालतो. कारण त्याचा मोतद्दार रोज तोच असतो, आणि त्याचा हात लगामाला असतो. अनोळखी जागेवरचा उतारा म्हणजे ओळखीचा माणूस, हें मुंबईच्या वरातींनीं पुष्कळदां सिद्ध केलें आहे.

उडीच्या कलेंत खरी क्रान्ति केली ती इटलीच्या घोडदळांतील फेदेरिको काप्रिल्ली या अधिकाऱ्यानें. १८६८ सालीं जन्मलेला हा अधिकारी १९०७ सालीं, चाळिशीहि गांठण्यापूर्वीं, वारला. त्याच्या काळापर्यंत उडीच्या वेळीं स्वारानें मागें रेलावयाचें आणि लगाम ताणून धरावयाचा, असा शिरस्ता होता. त्यामुळें प्रत्येक उडीबरोबर घोड्याच्या तोंडाला हिसका बसे आणि पाठीवर धक्का बसे. उडी म्हणजे दुःख, असा धडा घोडा शिकत असे, आणि मग तो अडला कीं त्याला अडेल म्हणून चाबूक मिळत असे. काप्रिल्लीनें स्वाराला पुढें झुकावयास शिकविलें, हात सैल ठेवावयास लावला, आणि घोड्याचा तोल घोड्यालाच सांभाळूं दिला. तसेंच बंद रिंगणांतील कसरतीपेक्षां मोकळ्या रानांतील ओढे, बांध आणि उतार यांवर त्यानें भर दिला. त्याची पद्धति पुढें सर्व जगांत रूढ झाली. झेनोफॉननें भीतीविषयीं जें सांगितलें, तेंच काप्रिल्लीनें स्वाराच्या बैठकींत उतरविलें.

या सर्व अनुभवांतून नव्या जागीं घोड्याला उडीसाठीं तयार करण्याची जी रीत सिद्ध झाली, ती ऐकावयास साधी आणि आचरावयास कठीण आहे. घरच्या मैदानावर घोडा ज्या उंचीवरून निर्धास्त जातो, त्याहून पुष्कळ कमी उंचीनें नव्या जागीं आरंभ करावयाचा. प्रसंगीं जमिनीवर नुसता वासा ठेवून त्यावरून चालावयाचें. स्पर्धेच्या वेळेआधीं बराच वेळ पोहोंचावयाचें, खालीं उतरून लगाम हातांत धरून सर्व परिसर फिरावयाचा, घोड्याला थांबूं द्यावयाचें, हुंगूं द्यावयाचें. शक्य तर एक अनुभवी घोडा सोबत न्यावयाचा आणि पहिल्या उड्या त्याच्यामागून घ्यावयाच्या. एक चांगली उडी झाली, कीं मान थोपटून तेथेंच थांबावयाचें. कारण घोडा शेवटची आठवण घरीं नेतो. उडी चुकली, तर अडथळा खालीं आणावयाचा, आवाज चढवावयाचा नाहीं. आणि स्पर्धा नसतांनाहि त्याला निरनिराळ्या मैदानांवर नुसतें नेऊन आणावयाचें, म्हणजे परकी जागा आणि भयंकर प्रसंग यांची गांठ त्याच्या मनांत पडत नाहीं.

स्वारानें स्वतःकडेहि पाहावें लागतें. त्याची नजर अडथळ्याच्या फळीवर खिळली, कीं त्याचें शरीर जड होतें आणि घोडा पाऊल आंखडतो. त्यानें अडथळ्यापलीकडे पाहावें, श्वास कोंडूं नये, आणि टांच देतांना लगाम खेंचूं नये. कारण 'जा' आणि 'थांब' असे दोन हुकूम एकाच वेळीं मिळाले, तर घोडा दुसरा पाळतो. आजच्या उडीच्या स्पर्धांत तर या भरंवशाची कसोटीच लावलेली असते. स्पर्धेपूर्वीं स्वार पायीं हिंडून सर्व अडथळे पाहतो, पावलांनीं अंतरें मोजतो. घोड्याला मात्र तेव्हां आंत आणतां येत नाहीं. घंटा झाल्यावर तो प्रथमच तें मैदान पाहतो.

२०२१ सालीं टोकिओच्या ऑलिंपिक क्रीडांत याचे दोन दाखले एकाच आठवड्यांत मिळाले. उडीच्या स्पर्धेंत एका अडथळ्याशेजारीं शोभेसाठीं सुमो मल्लाचा पूर्णाकृति पुतळा पाठमोरा ठेवला होता. जगांतील उत्तमोत्तम घोडे घेऊन आलेल्या कांहीं स्वारांनीं, आपले घोडे त्याला पाहून बुजले, असें सांगितलें. दुसरा प्रसंग आधुनिक पंचक्रीडेचा. त्या स्पर्धेंत स्वाराला अनोळखी घोडा चिठ्ठीनें मिळे आणि ओळखीसाठीं अवघीं वीस मिनिटें मिळत. जर्मनीची आनिका श्लॉय ६ ऑगस्ट रोजीं आघाडीवर असतां सेंट बॉय नांवाचा घोडा तिच्या वांट्याला आला. आदल्या स्वाराला त्यानें आधींच नकार दिला होता. तिच्यापुढेंहि तो अडला. ती रडूं लागली, चाबूक उगारला गेला, तिच्या मार्गदर्शिकेनें घोड्याला ठोसा मारला आणि तिला स्पर्धेंतून घालविण्यांत आलें. हातीं आलेलें सुवर्णपदक गेलें. जगभर खळबळ उडाली, आणि २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकनंतर त्या स्पर्धेंतून घोडेस्वारी काढून टाकण्यांत आली. शत्रूच्या मुलखांत सांपडलेला सैनिक मिळेल त्या घोड्यावर बसून निसटतो, या कल्पनेवर तो प्रकार बेतलेला होता. कोटा-की-सराईच्या ओढ्यानें १८५८ सालींच त्या कल्पनेची किंमत दाखविली होती. क्रीडाजगताला ती उमगावयास दीडशेंहून अधिक वर्षें लागलीं.

मुंबईंत आतां घोडाच परका होत चालला आहे. रहदारीमुळें १९३२ सालीं मोडलेलें पोलिसांचें अश्वदल २६ जानेवारी १९२० नव्हे, तर अठ्ठ्याऐंशीं वर्षांच्या खंडानंतर, २०२० सालच्या प्रजासत्ताकदिनीं शिवाजी पार्कवर पुन्हां दिसलें. व्हिक्टोरिया गाड्या तर २०१५ सालीं उच्च न्यायालयानें बेकायदेशीर ठरविल्या. थकल्या-भागल्या घोड्यांच्या दृष्टीनें तें ठीकच झालें. महालक्ष्मीच्या मैदानावर मात्र घोडेस्वारीच्या क्लबांत उडीचें शिक्षण चालतें. सपाट शर्यतींत आयुष्य घालविलेल्या घोड्याला उडी शिकवावयाची, तर जमिनीवरच्या वाशापासूनच आरंभ करावा लागतो. पूर्वीं तो केवळ धांवावयास शिकलेला असतो. आतां त्याला थांबून पाहावयास शिकवावें लागतें.

असा घोडा वाशापाशीं थबकतो, तेव्हां चांगला शिक्षक चाबूक मागत नाहीं. तो स्वाराला खालीं उतरावयास सांगतो. स्वार पुढें चालतो, दोर सैल असतो, घोडा मान खालीं घालून वासा हुंगतो आणि एकेक पाय उचलून पलीकडे जातो. दुसऱ्या दिवशीं तोच वासा मैदानाच्या दुसऱ्या टोंकाला ठेवलेला असतो, आणि सर्व पुन्हां पहिल्यापासून करावें लागतें. पाहणाऱ्याला हा वेळेचा अपव्यय वाटेल. परंतु घोडा कां अडला, या प्रश्नाचें उत्तर ज्यांना अडण्यापूर्वींच द्यावयाचें असतें, ते घोड्याला असेंच फिरवितात.